पोरांची वाटणी

आमच्या भावकीत कुणाची वाटणी निघाली की मला बोलावणं येतं. यात कर्तृत्व काही नाही. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये बसून मला निवांत चहा पिता येतो, एवढंच. सोनगीरचं आमचं शेत मी आणि भाऊनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, असं वाटून घेतलं की बांधावर आवाज चढला नाही. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. त्याचं कौतुक ऐकून मी चांगलाच शेफारलो होतो.

बायको तापाचं निमित्त होऊन गेली. पोरं लहान. पुढं दोन वर्षांनी जळगावच्या डॉक्टरांनी मला तपासून सांगितलं, हृदय मोठं झालंय. मी म्हणालो, हे लेखी द्या, नातेवाइकांना तोंडी पटणार नाही. डॉक्टर हसले नाहीत. पोरांची सोय लावून ठेवा, म्हणाले.

वकिलांनी समजावलं की आई नसल्यामुळे वडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमून ठेवावा. नाहीतर तुमच्यामागं नातेवाईक ओढाताण करतील आणि शेवटी कोर्ट ठरवेल. नेमायच्या आधी त्या घरातल्या बाईला विचारा, हेही ते म्हणाले. वकिलांना जास्तीचं बोलायची सवयच असते, असं समजून मी ते सोडून दिलं.

माझी अडचण वेगळीच होती. भाऊ धुळ्याला, मेहुणा शिंदखेड्याला, आणि दोघांनाही पोरं हवी होती. भाऊ म्हणणार, आपल्या घरची पोरं दुसऱ्याच्या दारी कशाला? मेहुणा म्हणणार, बहीण गेली, आता पोरंही नेता? मग मला जे येतं ते मी केलं. मुलगा भाऊकडे, मुलगी मामाकडे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

दोघांना वरण-बट्टीच्या जेवणाला बोलावलं आणि ताटावरच जाहीर केलं. मेहुण्यानं डोळे पुसले. भाऊनं बट्टी कुस्करता कुस्करता मान हलवली. "बठ्ठं बराबर शे," म्हणाला, म्हणजे सगळं बरोबर आहे. अकरा वर्षांची माझी मुलगी तूप वाढत होती. तिचा हात थांबला नाही, म्हणून तिनं ऐकलं नसावं असं मी धरून चाललो. त्या दिवशी दोन बट्ट्या जास्त खाल्ल्या मी. डॉक्टरांनी तूप बंद केलेलं असताना.

त्यानंतर घरात रडारड सुरू झाली. मुलगी धाकट्याला अंघोळीला एकट्याला पाठवी. शर्टाची बटणं चुकली तर परत लावायला लावी. भात कालवून देईना. तो सहा वर्षांचा, हात तुपात आणि तोंड रडवेलं. एका सकाळी तो बुटाची नाडी धरून हुंदके देत होता आणि ही शेजारी हाताची घडी घालून उभी. मी तिच्यावर ओरडलो. आई असती तर असं वागली असतीस का, इथपर्यंत बोललो.

ती रडली नाही. खाली बसली, त्याची नाडी बांधली, त्याला रिक्षात बसवून आली आणि मग म्हणाली, "पप्पा, तो रात्री घाबरून उठतो. मला हलवतो. काकूला हलवायला तो लाजेल. आत्तापासून शिकला तर बरं ना?"

गावभरच्या वाटण्या केलेला माणूस मी. दोघं एकाच घरी राहायचं ठरलं तर कुठं राहाल, असं कसंबसं विचारलं. तिनं विचार केला. मामीकडं, म्हणाली. काकूचे गुडघे दुखतात.

या वेळी वकिलांचं ऐकलं. शिंदखेड्याला जाऊन आधी मामीला विचारलं. ती म्हणाली, "दाजी, दोघं असतील तर हो. एकटी पोरगी मला सांभाळवली नसती." मृत्युपत्राचा जुना कागद फाडला, नवा केला. राहिलं धुळे.

भाऊला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही. भावाच्या घरात पोरांना जागा नाही असं गावानं म्हणायचं का, एवढंच त्यानं पेपरामागून विचारलं. मी गुडघ्यांचं कारण पुढं केलं, ते वहिनीनं आतून ऐकलं आणि बाहेर आली. "भाऊजी, गुडघे माझे. मला कुणी विचारलं होतं?" मग भाऊकडं वळून म्हणाली, "त्या पोराला बहिणीपासून तोडून आणलं असतं, तर मी त्याला कुठल्या तोंडानं जेवू घातलं असतं? बरं झालं."

भाऊनं पेपराची घडी केली. मी चपला शोधायला लागलो.

"मामाले सांग," तो शेवटी म्हणाला, "आखाजीले पोरेस्ले आठेच धाडजो." पोरांना इथंच धाड, म्हणत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोके खेळतात आमच्याकडं. वहिनी म्हणाली, पोरगी येईल तेव्हा झोका कुठं बांधायचा ते बघावं लागेल, अंगणातला कडुलिंब तर तोडला. भाऊ म्हणाला, छताच्या हुकाला बांधू. दोघं हुकाच्या मजबुतीवर बोलत राहिले. मी दारातच उभा होतो, चांगला जिवंत. त्या आखाजीत मी कुठंच नव्हतो, आणि ते त्या दोघांना सांगावंसंही वाटलं नाही.