पावडर लावून बसवलेल्या आजी

व्हिडिओवर पेशंट बघायला माझा विरोध नाही. साधा खोकला, रिपोर्ट, गोळ्यांची चौकशी, एवढ्यासाठी वाकोल्याच्या गर्दीत धक्के खात कोण कशाला येईल? पण माझी अर्धी तपासणी दवाखान्याच्या दारात होते. माणूस चप्पल काढताना भिंत धरतो का, सुजलेल्या पावलावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलाय का, बाकापर्यंत येताना धाप लागते का. मोबाइलमध्ये ते कुठलं दिसतंय, डोंबल!

या आजी मालवणकडच्या. गिरणीतला नवरा कधीच गेला. आता लेक-सुनेकडे राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हृदय आधीच अशक्त. मुलगा म्हणायचा, "मॅडम, जिने नकोत, व्हिडिओवरच बघा ना." एकदा तरी आणा, असं मी बजावून थकले. आणतो, आणतो म्हणायचा, आणि दर आठवड्याला व्हिडिओच लावायचा.

त्या सकाळी कॉल लागला, तर आजी लग्नाला निघाल्यासारख्या. इस्त्रीची साडी, चापूनचोपून केस, तोंडभर पावडर. डॉक्टर बघणार म्हणून सुनेने मायेने आवरून बसवलं होतं. आपल्याकडे चारचौघांसमोर आजाऱ्यानेही टापटीप दिसायचं असतं.

"कशा आहात आजी?"

"माका कायएक झाला नाय गो... तू चाय घेतलंस?"

एवढं बोलताना दोनदा श्वास घेतला. मी ओरडलेच, "आधी ती पावडर पुसा!" सून बावरली. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, तर ओठ निळसर. पाय दाखवा म्हटलं. पाय टम्म सुजलेले, आणि आजी लाजून साडी खाली ओढतायत.

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. अँब्युलन्स बोलवा. चालवू नका, खुर्चीत बसवून उतरवा." बाकावरचे पेशंट तसेच सोडून मी त्यांच्या घराकडे धावले.

पोचले तेव्हा खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडली होती. शेजारचे दोघं ती धरून उभे. आजींची मान कलली होती. नाडी लागेना. तिथेच जिन्यात आडवं करून छाती दाबत राहिले. माझे हात भरून आले, पण काही उपयोग झाला नाही.

मुलगा माझ्याकडे वळला. "पण मॅडम, तुम्ही तर दर आठवड्याला बघत होतात ना आईला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय तोंडावर आलं होतं! पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

"बघत होते रे," मी म्हटलं. "हात आज लावला."

आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले.