लेकीचा आवाज

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं एकेक वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर येतं. त्यांतलं कोण किती वर, कोण किती खाली, हे ठरवणं, म्हणजे मिक्सिंग, हे त्याचं काम. गिटारवाले कुरकुरत, ड्रमवाले रुसत. हा घुम्या कुणालाच भीक घालत नसे.

नियम मात्र एक पाळायचा. गायकाचा आवाज परक्या कानाने तपासायचा. गाणं शंभरदा ऐकलेल्याला शब्द पाठ होतात आणि मग आवाज कितीही दबला तरी त्याला तो स्पष्टच वाटतो. म्हणून तो शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला बोलवायचा, गाणं एकदाच ऐकवायचा आणि विचारायचा, "काय म्हणाली बाई?" लॉन्ड्रीवाल्याने शब्द सांगितले की काम फत्ते.

संसार मोडला तेव्हा लेक आईबरोबर गेली. फोन आधी दर आठवड्याला, मग वाढदिवसापुरते, मग तेही नाहीत. आणि एक दिवस अचानक तिचं पहिलंवहिलं गाणं आलं. सोबत निरोप, "बाबा, मिक्सिंग तू करशील?" तो हरखून गेला. हे नीट जमलं तर लेक पुन्हा बोलू लागेल, एवढंच त्याच्या मनात.

दार लावून तो ऐकत बसला. डबा खाताना तिचा आवाज, खोली झाडताना तिचा आवाज. कितीतरी काळाने त्या खोलीत घरचं माणूस बोलत होतं.

"हल्ली बोलावत नाहीस, दादा?" लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

"हे घरचं काम आहे," तो म्हणाला. खरं तर तिचा आवाज त्याला कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

गाणं पाठवलं आणि तिचा फोन आला.

"बाबा, यात मी कुठे आहे? नुसती गिटार वाजतेय. माझा आवाज आवडला नाही, तर तसं सांगायचं. लपवलास कशाला?"

"अगं वेडे, मला तर तूच ऐकू येत होतीस. पाठ झालं गं सगळं. पुन्हा करून देतो."

"दुसऱ्यांना दिलं, बाबा. सकाळीच."

"बरं केलंस. तुझा आवाज पुढे ठेवा म्हणावं."

"एवढी ऐकू येत होते, तर इतक्या वर्षांत एक फोन करावासा नाही वाटला?"

"मला वाटलं, तू करशील."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली.

आणि तिने फोन ठेवला.