रेघ कुणाची, रंग कुणाचा

लाहोरच्या शाही चित्रशाळेत भागमलसारखा रंग भरणारा दुसरा कुणी नाही, हे सगळ्या लाहोरला ठाऊक होतं. कारण भागमलनं ते सगळ्यांना स्वतः सांगितलं होतं. दुसऱ्यानं कौतुक करायची वाट बघत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो बढाई मारत होता असंही नाही.

जातीनं तो ग्वाल्हेरचा कहार. बापाचा जन्म सरदारांच्या पालख्या वाहण्यात गेला आणि पोरगा कोळशानं तबेल्याच्या भिंती काळ्या करत बसला. कुणा अंमलदाराची नजर त्या भिंतींवर गेली आणि पोराचं नशीब उघडलं. हिंगूळ, हरताळ कुटता कुटता त्यानं रंगांची नस अशी पकडली, की इराणातून आलेले बडे उस्तादही आपलं रेखाटन त्याच्याच हाती पडावं म्हणून चित्रशाळेचा कारभार बघणाऱ्या दारोगाच्या मागे लागत.

एक सल मात्र होताच. चित्रशाळेत एका चित्राला दोघांचे हात लागत. एकानं रेखाटायचं, दुसऱ्यानं रंगवायचं. शेवटी मुन्शी चित्राखाली लाल शाईनं नावं घालायचा, आधी रेखा कुणाची आणि मग रंग कुणाचा. रेखा इराणातल्या मशहदच्या मुर्तजा उस्तादांची, रंग भागमलचा, असं अठरा वर्षं चाललं होतं. आपलं नाव एकदा तरी रेखेपुढे लागावं, एवढंच भागमलला हवं होतं.

"उस्ताद, तुमच्या रेघेवर मी पांढऱ्याचा हात मारतो, त्यावर रंग चढवतो आणि वरून रेघ पुन्हा मीच ओढतो," तो म्हणायचा. "शेवटी कागदावर तुमचं उरतं काय? नाव!"

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोस आणि वर तोंड करून बोलतोस?" उस्ताद पांढरी दाढी कुरवाळत म्हणायचे. "पीठ कुणी दळलं ते आधी विचार."

हे भांडण झाल्याशिवाय दोघांनाही दुपारचं जेवण पचत नसे.

त्या हिवाळ्यात बादशहांच्या शिकारीचं चित्र काढायचं ठरलं. उस्तादांनी रेखाटन पाठवलं. एरवी ते स्वतः घेऊन येत, शेजारी बसत आणि डोकं खात. भागमलनं कागद उजेडात धरला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घोड्यांच्या पायांची रेघ थरथरत होती. एका ठिकाणी नव्हे, सगळीकडे. थंडीच्या निमित्तानं उस्ताद महिनाभर उजवा हात शालीतून बाहेर का काढत नव्हते, ते आता त्याच्या ध्यानात आलं.

चित्रशाळेचा रिवाज सरळ होता. ज्याचा हात हलला त्याला मानाची शाल द्यायची आणि घरी पाठवायचं. उस्तादांचं घर मशहदला होतं आणि तिथं त्यांचं माणूस उरलं नव्हतं. लाहोरात होती ती ही चित्रशाळा आणि भांडायला भागमल.

संध्याकाळी त्यानं बायकोला, सुजानीला, सगळं सांगितलं.

"मग दाखवा की दारोगाला," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या नावापायी माझं डोकं खाल्लंत. आता वाढलेलं ताट समोर आलंय तर भूक मेली का?"

"त्या म्हाताऱ्याचं इथं आहे कोण, सुजानी?"

"मग नका दाखवू."

"म्हणजे मी गप्प बसू?"

"ते कधी जमलंय तुम्हाला?" असं म्हणून तिनं आणखी एक रोटी त्याच्या ताटात टाकली.

सकाळी कागद फळीत दाबून भागमल दारोगाच्या दालनात गेला. खरं बोलायचं तर दाखवायलाच गेला होता. दारोगा इनायत बेग हिशेबी माणूस, चित्राकडेही कापडाचा भाव करावा तसा बघायचा.

"शिकारीचं रेखाटन आलं म्हणे. बघू."

भागमलनं फळी छातीशी धरली. "पांढऱ्याचा हात मारलाय, हुजूर. ओला आहे. उघडला तर डाग पडेल."

कागद ठणठणीत कोरडा होता. जागेवर परत येऊन त्यानं पहिलं काम केलं ते पांढरं कालवायचं. पातळ पांढऱ्याखाली उस्तादांची रेघ बुडाली. मग त्यानं कुंचला घेतला आणि सगळी शिकार स्वतः रेखाटली. हात भरून आला होता, ऊर भरून आला होता. आपण काय दर्जाचं काम करतोय हे त्याला ओढतानाच कळत होतं, आणि ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. भागमलसारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा ती कोणती?

चित्र पुरं होत आलं तेव्हा दारोगा मुन्शीला घेऊन नावं घालायला आला. मागून शाल पांघरलेले उस्तादही आले. त्यांनी चित्रावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हा घोडा कुणाचा?" ते भागमलच्या कानाशी गुरगुरले. "मला भीक घालतोस? कहाराचं पोर तू!"

"कहारच आहे," भागमलही दबक्या आवाजात म्हणाला. "ओझं उचलणं आमच्या रक्तात आहे. ते कुणाचं, हे आम्ही विचारत नाही. गप्प राहा आणि नाव घ्या पदरात."

उस्ताद पुन्हा चित्रावर वाकले. त्या घोड्याचे चारही पाय जमीन सोडून होते.

"मागचा पाय चुकलाय," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "पण पळतोय रे. माझे सगळे उभेच राहिले."

तिकडे मुन्शीनं सवयीनं लेखणी टेकवली. "रेखा, मुर्तजा मशहदी..."

"थांब," उस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "रेखा भागमलची. एकूण एक रेघ." आणि त्यांनी उजवा हात शालीतून काढून दारोगासमोर धरला. हात वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता.

भागमलला वाटलं, या म्हाताऱ्याचं तोंड दाबावं. ज्या नावासाठी त्यानं आयुष्यभर जीव टाकला ते असं पुढ्यात पडलं, आणि त्याला ते धड उचलवेना.

"मग रंगापुढे कुणाचं नाव?" मुन्शी गोंधळला.

"माझं. पण फुकटचं नको." उस्ताद भागमलच्या बैठकीवर मांडी घालून बसले. चित्रातल्या चिनाराची पानं अजून भरायची होती. "कुंचला दे. हलत्या हाताला दुसरं काही नाही, पण पानं जमतील."

त्यांनी चारदोन पानं टेकवली. रंग बाहेर गेला, काठ फुटले. इनायत बेगनं वाकून पाहिलं, दाढी खाजवली आणि भागमलकडे वळला.

"तू सांग. यांना रंग भरता येईल? तू हो म्हणालास तर ठेवतो. नाहीतर शाल मागवतो."

आजवर भागमलनं दुसऱ्या कुणाच्या रंगाला कधी बरं म्हटलं नव्हतं. त्यानं ती पानं पाहिली. वाईटच होती. त्यानं उस्तादांच्या हातावर आपला हात ठेवला, कुंचला जरा उभा केला आणि पुढचं पान दोघांनी मिळून टेकवलं.

"येईल," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली येईल. लिहा, मुन्शीजी."

"हाताखाली म्हणे!" उस्ताद फुरंगटले. डोळे पुसायला त्यांनी शालीचा पदर शोधला, तो सापडेना. "बडबड पुरे. हिरवा दे."