मुदकप्पाचे पाच ओहम

राणेबेन्नूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मुदकप्पा तेहतीस वर्षं फिजिक्स लॅबचा अटेंडर होता. स्वतः दहावीत विज्ञानातच गटांगळी खाल्लेला, पण लॅबमध्ये त्याच्यावाचून पान हलत नसे. लेक्चरर येत आणि बदली होऊन जात. मुदकप्पा कपाटाच्या किल्ल्यांसकट तिथंच. शिवलीला मॅडम नवीन आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बॅटरीची दोन्ही टोकं एका तारेनं सरळ जोडायला घेतली होती. "मॅडम, मध्ये थोडा रोध ठेवा, नाहीतर सगळा करंट एकदम पळेल आणि तारच तापेल," तो अदबीनं म्हणाला. त्या दिवसापासून मॅडम शिकवायच्या फळ्यावर आणि लॅब चालवायचा मुदकप्पा.

त्याची शिकवणी बघण्यासारखी असे. मीटर ब्रिजच्या एका बाजूला रोध माहीत नसलेली कॉइल, दुसऱ्या बाजूला रोध माहीत असलेली पेटी आणि समोर मीटरभर लांब ताणलेली तार. त्या तारेवर टोचणी टेकवत सरकायचं. मध्ये जोडलेल्या मापकाचा काटा शून्यावर थांबला की तारेवरचं टोचणीचं अंतर मोजायचं आणि त्यावरून कॉइलचा रोध काढायचा.

"काटा का थांबतो, सांगा बघू?" तो पोरांना विचारी. "दोन्हीकडचा दाब सारखा झाला, की करंट मधून जातच नाही. नवरा-बायको सारखेच हट्टी असले तर घरात कोण हलतं?"

पोरं हसत. मग तो आवाज खाली आणून खरी विद्या देई. "कॉइल पाच ओहमची आहे. पेटीतही पाच ठेवलेत. म्हणजे टोचणी पन्नासवर आली की काटा शून्यावर. कुणी पन्नास लिहा, कुणी एकोणपन्नास पूर्णांक आठ लिहा. सगळ्यांनी एकच लिहू नका रे, बरं दिसत नाही."

त्या कॉलेजात आधी उत्तर आणि मग प्रयोग, हीच वहिवाट होती. प्रॅक्टिकलचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे आणि त्यासाठी एकदा प्राचार्यांनी मुदकप्पाच्या खांद्यावर शाल घातली होती.

फक्त ती कॉइल पाच ओहमची नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी करंट चालू ठेवून मुदकप्पा मंडक्की-मिरची खायला गेला होता. चुरमुरे आणि भजी संपवून परत आला तर कॉइलमधून धूर निघत होता. जळलेला पाचवा हिस्सा त्यानं कापून टाकला, उरलेली तार गुंडाळून जोडली, झाकण लाखेनं बंद केलं. तार जितकी आखूड तितका रोध कमी, हे त्यानंच शेकडो पोरांकडून घोकून घेतलं होतं. झाकणावर पाच लिहिलेलं होतं, आत चार उरले होते. पहिलं वर्ष त्यानं जीव मुठीत धरून काढलं. दुसऱ्या वर्षी तो निर्धास्त झाला. तिसऱ्या वर्षी मात्र त्याला थोडं वाईट वाटलं. एवढी पोरं आली आणि गेली, पण एकाच्याही काट्यानं चुगली केली नाही.

निवृत्तीला दोन महिने असताना वार्षिक प्रॅक्टिकल आलं. बाहेरून परीक्षक म्हणून अंगडी सर आले, गेल्या वर्षी आलेलेच. मीटर ब्रिजवर नागवेणी नावाची मुलगी होती, खेड्यातून बसनं येणारी, मुकाट काम करणारी.

"काका, टोचणी चव्वेचाळीसवर असतानाच काटा थांबतोय."

"पन्नास लिही."

"चारदा बघितलं. जोडण्या घट्ट केल्या, बाजू बदलून पाहिल्या."

"पन्नास लिही की गं यव्वा, मी काय तुझा वैरी आहे?"

"पण गणितात चार येतंय, काका. ती चारचीच आहे."

मुदकप्पाला भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. अकरा वर्षांत कुणीतरी त्या काट्याकडे खरोखर बघितलं होतं.

तेवढ्यात शिवलीला मॅडम आल्या. "रजिस्टरमध्ये पाच आहे, नागवेणी. चार लिहिलंस तर रीडिंगचे सगळे मार्क जातील. इंजिनिअरिंगला जायचंय ना? मग शहाणपणा पुरे."

पोरीचे डोळे भरले. मुदकप्पाला ते बघवेना. सरकारी वस्तू जाळली आणि वर लपवली, एवढ्यावर चौकशी लागून पेन्शन अडकू शकत होती. तरी तो बाजूच्या खोलीत अंगडी सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि धुरापासून लाखेपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

अंगडी सर उठून लॅबमध्ये आले. तोवर मुलं उत्तरपत्रिका देऊन गेली होती. त्यांनी स्वतः टोचणी सरकवली. टोचणी चव्वेचाळीसच्या जरा पुढं गेली तेव्हा काटा थांबला. सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"ब्रिजची तार झिजलीय," ते म्हणाले.

"तार नवी आहे सर. कॉइलच चारची आहे. त्या पोरीचं बरोबर आहे."

"मुदकप्पा, गेल्या वर्षी पाचवर मी सही केलीय. त्याआधी कुणाकुणाच्या सह्या आहेत बघ." त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला. "बारा मुलं. पाच, चार पूर्णांक नऊ, पाच, पाच पूर्णांक एक. तू म्हणतोस ती पोरगी कोणती?"

मुदकप्पानं तिचा नंबर सांगितला. सरांनी पान काढून त्याच्यासमोर धरलं. आधीचे आकडे नीट खरवडून तिथं सुबक अक्षरात लिहिलं होतं: पन्नास सेंटिमीटर, पाच ओहम.

"हिच्यासाठी नोकरी पणाला लावायला निघालास होय? चल, प्राचार्यांकडं पुरणाचे होळिगे गार होतायत."

तीसपैकी तीस मिळाले, हे नागवेणीला मॅडमनी हळूच सांगितलं. ती धावत लॅबमध्ये आली. मुदकप्पा तारा सोडवून गुंडाळत होता.

"काका, तुमचं ऐकलं म्हणून वाचले," म्हणत ती त्याच्या पायांशी वाकली.

मुदकप्पानं पाय मागे घेतले.