दुसऱ्या लाइनीवर आलेला मुलगा

मलकपेठला आमचं औषधांचं छोटं होलसेल दुकान होतं. मी आणि माझे यजमान, आम्ही दोघंच ते चालवायचो. बाजार खुला झाला तशी नव्या नव्या कंपन्यांची औषधं येऊ लागली. दवाखानेवाले सकाळी फोनवर ऑर्डर देऊन दुपारी माल मागायचे. आमचा एकुलता एक काळा फोन कायम गुंतलेला. वर्षानुवर्षं अर्ज करूनही न मिळणाऱ्या लाइनी आता व्यापाऱ्यांना मिळतात असं कानावर आलं, म्हणून आम्ही आणखी दोन मागितल्या. आणि त्या चक्क मिळाल्या. ह्यांनी आजूबाजूच्या दुकानांत पेढे वाटले.

पहिली लाइन ठीक चालली. दुसरी भलतीच निघाली. तिच्यावर ऑर्डर कधी यायचीच नाही. कुणीतरी वेगळ्याच माणसांची चौकशी करायचं. लाइनमनने खांबावरचा डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "जमिनीखाली जोडात तारा उलटसुलट झाल्यात. तुमचे फोन दुसऱ्याच्या घरी वाजतायत, त्यांचे तुमच्याकडे. रस्ता खोदायला परवानगी लागेल." परवानगीसाठी हे एक्स्चेंजच्या चकरा मारू लागले. तिथले साहेब तेलुगूतून एकच शब्द सांगायचे, "रेपु." म्हणजे उद्या.

एका शुक्रवारी दुपारी तो फोन वाजला. खरखरीतून एका तरुण मुलाचा आवाज आला.

"अम्मी कू बुलाव ना जरा."

मी म्हटलं, "राँग नंबर आहे, भाई. ये मेडिकल का दुकान है."

तो पुन्हा लागला. पुन्हा मीच उचलला. तिसऱ्या खेपेला तो रडकुंडीला आला. सौदीत बांधकामावर होता, आठवड्यातून एकदाच गावात येऊन फोन करता येत होता. "आपा, अम्मी बीमार हैं. रेसकोर्स के पीछे घर है. मैं अच्छा हूँ बोल के बोल देव, बस." त्याने गल्ली सांगितली, मशिदीजवळचं हिरवं दार सांगितलं.

मी संध्याकाळी गेले. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. आतल्या खाटेवर त्याची आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. उशाशी फोन ठेवलेला. "दिवसभर लोगां सलाइन मांगते, सुई मांगते," वडील म्हणाले. "हम सोचे बेटे का फोन है." मी निरोप सांगितला. म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरला आणि विचारलं, "आवाज कैसी थी उसकी?"

अच्छी थी, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढे कितीतरी शुक्रवार असेच गेले. तो मला विचारायचा, मी तिला सांगायची; ती मला सांगायची, मी त्याला. मध्ये मी स्वतः एक्स्चेंजमध्ये गेले, साहेबांसमोर हात जोडले. आई आजारी आहे, मुलगा परदेशात आहे, एवढी एक लाइन लवकर करा. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "अम्मा, खोदायचं काम आमच्या हातात नाही. रस्तेवाल्यांकडे पत्र गेलंय." रस्तेवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले पत्र आलेलंच नाही.

मग एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते वडील आमच्या दुकानात आले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मंगल कू मिट्टी हो गई." म्हणजे मंगळवारी म्हातारीचं दफन झालं होतं. मुलाला तार केली होती, पण कामाची जागा बदलली होती, तार पोचली की नाही कळायला मार्ग नव्हता. त्याचा फोन जिथे वाजतो ती जागा एकच, म्हणून ते आले होते.

ह्यांनी त्यांना काउंटरच्या आत खुर्ची दिली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. ते फोनकडे बघत बसले. वाजला तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पण रिसीव्हर उचलवेना. मी उचलला.

"आपा, सलामालेकुम. अम्मी कैसी हैं?"

तिकडून तो "हॅलो, हॅलो, आवाज नै आ रई" म्हणत होता. मला एवढंच सुचलं, "तुम्हारे अब्बा बैठे हैं यहाँ, बात करो," आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून मी धरून उभी राहिले.

"बेटा," एवढंच ते म्हणाले. पण वडील आमच्या दुकानात का बसलेत, हे त्या मुलाला तेवढ्यावरूनच कळलं असावं. रिसीव्हरमधून आलेला त्याचा हंबरडा बाजूला उभ्या मलाही ऐकू आला. मग खरखर, आणि लाइन तुटली. परत लागेल म्हणून आम्ही शटर ओढायच्या वेळेपर्यंत थांबलो. लागली नाही.

ह्यांनी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं.

पुढच्याच आठवड्यात लाइन सुधारली. कुणी केली, रस्ता कधी खोदला, आम्हाला कळलंसुद्धा नाही. शुक्रवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मी धावतच गेले. एका दवाखान्याची कंपाउंडरीणबाई होती. तिला सलाइनच्या बाटल्या हव्या होत्या. मी ऑर्डर घेतली.