सासरच्या कॉम्प्युटरमधली एक ओळ

सासऱ्यांचा चांगला चालणारा कॉम्प्युटर मी बंद पाडला. हात लावायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी साताऱ्याचा. शिरवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढतो. ही गोष्ट मी सांगलीला सासरी कधी फुटू दिलेली नाही. तिथं मी 'कॉम्प्युटरवाले जावई' आहे. सासरे, म्हणजे अण्णा, निवृत्त मास्तर. त्यांच्या जैन समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका दरवर्षी तेच टाईप करतात. त्यांचं जुनं मशीन रडतखडत चालायचं, म्हणून गेल्या दिवाळीत मीच त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. सुरू होताना आधी एक काळा पडदा यायचा, त्यावर कसं सुरू करायचं याची यादी असायची. अण्णा त्याला दचकायचे. मी ती यादी दिसायचा वेळ शून्यावर आणून ठेवला. ही पहिली हुशारी.

दुसरी हुशारी यंदाच्या थंडीतली. पुस्तिका तयार होती, दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जायची होती. म्हटलं, एक प्रत माझ्या बाहेरून जोडायच्या डिस्कवर घेऊन ठेवावी. घेतली. तिथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सुरू होताना कुठकुठल्या डिस्क जोडून घ्यायच्या याची मशीनमध्ये एक फाईल असते. तिच्यात मी माझ्या डिस्कची एक ओळ लिहून टाकली. पुढच्या वेळी आपोआप जोडली जाईल! मग डिस्क काढून पिशवीत टाकली, आणि "अण्णा, आता बघा कसं पळतंय," म्हणत मशीन बंद करून चालू केलं.

पळालं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिच्यापुढं सेकंद मोजले जाऊ लागले. दीड मिनिट झाल्यावर मशीननं जाहीर केलं की आपण आणीबाणीत आहोत. दुरुस्तीला आत यायचं तर मुख्य खात्यातून या. पण ते खातं बंद आहे. तेव्हा एंटर दाबा. मी एंटर दाबला. पुन्हा तेच. आणीबाणी, खातं बंद, एंटर दाबा. माणसाला खोलीत कोंडून आतूनच 'किल्ली बाहेर आहे' असं सांगावं, तसला प्रकार.

"झालं का हो?" अण्णांनी बाहेरून विचारलं.

"अपडेट चाललंय. दोनच मिनिटं," मी म्हणालो. इथं मी पुरता अडकलो.

बंद करून चालू करणं हा आमच्या धंद्यातला पहिला, दुसरा आणि तिसरा उपाय. तिन्ही केले. प्रत्येकाला दीड मिनिट. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास यायला लागला. बायको दारात आली.

"अहो, उठा ना. पानं घेतलीत."

"तुम्ही बसून घ्या. मी मागनं बसतो."

"जावयाला सोडून अण्णा बसतील व्हय? सहा दहाला सूर्य मावळतोय. आणि उद्या चतुर्दशी, त्यांचा कडक उपवास. आत्ता जेवले नाहीत तर एकदम परवा सकाळी."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेपाच वाजून गेले होते. आमच्या घरी रात्री नऊला पानं घेतात; दिवस मावळायच्या आत जेवायचं हे मला पाहुणा म्हणून ठाऊक होतं, पण माझ्यामुळं पंचाहत्तरीचा माणूस दीड दिवस उपाशी राहू शकतो, हा हिशेब कधी डोक्यात आलाच नव्हता.

मग उठायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण उठलो की खुर्चीत अण्णा बसणार, आणि पडद्यावर आणीबाणी. "मी मोडलं" एवढं म्हणायचं होतं. ते जिभेवर येईना. एकच प्रयत्न करू, म्हटलं.

आता ती काळी यादी हवी होती. तिच्यातून आत घुसता येतं. पण ती मीच शून्य करून ठेवलेली. सुरू होतानाच्या नेमक्या क्षणी एस्केपचं बटण दाबावं लागतं. लवकर दाबलं, काही नाही. उशिरा दाबलं, पुन्हा दीड मिनिट. चिडून सात-आठ वेळा दाबलं, तर सगळाच पडदा काळा आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत माझ्याकडं बघायला लागली. खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसत होती. तिच्यावरचं ऊन पिवळं होतं, ते तांबूस झालं.

पुन्हा बंद करून चालू केलं; परत तीच इंग्रजी ओळ, तेच सेकंद. इतक्यात सासूबाई झारा हातात घेऊनच आत आल्या. त्यांच्यामागं अण्णा.

"काय म्हणतंय काय ते?"

"मामी, जरा किचकट आहे."

"आवं, पण म्हणतंय काय?"

अण्णांनी चष्मा लावला, वाकले, आणि वर्गात धडा वाचावा तसं ते इंग्रजी वाचलं. "कुठल्या तरी डिस्कची वाट बघतोय म्हणतंय."

"कसली डिस्क?" सासूबाई.

"माझी."

"कुठं हाय?"

"पिशवीत."

"मग घाला की त्यात!"

पाऊण तास मी ती ओळ वाचत होतो. पिशवी माझ्या पायाशी होती. डिस्क लावली, मशीन चालू केलं. अर्ध्या मिनिटात पडदा उजळला, पुस्तिका जागच्या जागी.

"झालं!" मी ओरडलो.

टाकीवर ऊन नव्हतं. घड्याळात सहा चौदा. सासूबाईंनी बाहेर अंगणात जाऊन एकदा आकाशाकडं बघितलं, परत आल्या आणि आमटीवर झाकण ठेवलं.

"पाव्हणं, तुमाला चालतंय की. बसा," त्या म्हणाल्या.

नको म्हणून बघितलं. "जावई उपाशी राहिला तर लोक काय म्हणतील?" म्हणत त्यांनी मला पाटावर बसवलंच. एकट्याला. चौघांचा स्वयंपाक समोर. बायको साताऱ्यात रात्री भेळ खाते, पण माहेरी नियम पाळते, तीही उपाशी, आणि पोळीवर तूप जरा जास्तच जोरात ओतत होती. अण्णा समोर खुर्चीवर बसून विचारत होते, "आमटी बरी झालीय का?" मी दुसरी पोळी खाल्ली, तिसरी खाल्ली. उठायची सोय नव्हती.

शेवटी घास गिळून म्हणालो, "अण्णा, चुकलंच माझं. ती ओळ मी सकाळी काढून टाकतो."

"नको," अण्णा म्हणाले. "डिस्क तेवढी इथं राहू द्या. तुम्ही गेलात तरी चालेल."