यशोधराचं मशिन आणि आईची सही

नगरला दिल्ली गेटच्या आत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्या काळात कॉम्प्युटरपेक्षा त्याच्यावर टाकायची प्लास्टिकची कव्हरं जास्त खपायची. लोक मशिनला ऊन लागू द्यायचे नाहीत, धूळ लागू द्यायचे नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी हातही लागू द्यायचे नाहीत. अशा दुकानात चौऱ्याण्णव साली यशोधरा साळवे नोकरी मागायला आली.

कर्जतची मुलगी. पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, नगरला मावशीकडे राहायची. मी सरळ सांगितलं की मला काउंटरवर बसायला माणूस हवाय, इंजिनिअर नकोय. ती म्हणाली, "सर, तुमच्या मागच्या फळीवर चार प्रिंटर बंद पडलेत. ते चालू करून देते, मग ठरवा." तिसऱ्या दिवशी तीन चालू झाले. चौथ्यात उंदरानं बिऱ्हाड केलं होतं, त्याच्यापुढं तिचंही काही चाललं नाही. मी तिला ठेवून घेतलं आणि महिन्याभरात काउंटरवर मीच बसायला लागलो.

मी फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहायचो. तेवढं मला येत होतं. पण गिऱ्हाइकांची भूक वाढायला लागली होती. वजनकाट्यावरचा आकडा आपोआप कॉम्प्युटरमध्ये यायला पाहिजे, मध्ये माणूस नको, असं जो तो म्हणायला लागला. म्हणजे काट्याला आणि कॉम्प्युटरला एकमेकांशी बोलायला लावायचं. हे काम यशोधराचं. दोन्हींच्या पाठीला नऊ पिनांचा सॉकेट असायचा. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडायची, एवढीच मेख. पण कुठली तार कुठली, हे काटा बनवणाऱ्यांनी कधी लिहून ठेवलं असेल तर शपथ. ती एकेक तार जोडून बघायची, वहीत लिहायची, खोडायची. दुकानभर सोल्डरिंगचा धूर. मी खोकायचो, चिडायचो, आणि ती म्हणायची, "झालंच सर." ते "झालंच" कधी दोन तासांचं असायचं, कधी दोन दिवसांचं. आजही कुठं तो धुराचा वास आला की मी उगाच थांबतो.

घोडेगावच्या दूध संकलन केंद्रात आम्ही पहिल्यांदा काटा जोडला, तेव्हाची गंमत सांगतो. आसाराम म्हणून एक शेतकरी किटली घेऊन आला. स्क्रीनवर आकडा उमटला, एकाहत्तर लिटर. किटलीत फार तर सतरा. तो काटा एककाचा आकडा आधी पाठवत होता आणि आमचा प्रोग्रॅम तो दशकाच्या जागी मांडत होता. मी तापट माणूस, नगरमध्ये कुणालाही विचारा. तिथंच यशोधरावर ओरडलो. आसाराम मात्र शांतपणे म्हणाला, "पोरीला बोलू नका सायब. मशिनला बरूबर कळतंय. म्हैसच तशी हाय माझी." सगळं केंद्र हसलं. यशोधरा पण हसली आणि खाली बसून तिनं दहा मिनिटांत आकडे सुलटे केले. मी तिची माफी मागितली नाही. ती नव्याण्णवला पुण्याला चांगल्या नोकरीवर गेली, स्टँडवर मी तिला सोडायला गेलो, तेव्हाही मागितली नाही. हे मला आजही खातं.

पण मला सांगायचंय ते अठ्ठ्याण्णव सालचं.

कर्जतजवळ आबासाहेबांचा बियाणं निवडायचा कारखाना होता. पावणेदोनशे बाया कामाला. त्यातली एक यशोधराची आई, गीताबाई. एक बाई घरी राहायची आणि तिची हजेरी दुसरीच लावायची, या प्रकाराला आबासाहेब वैतागले होते. बोटाचे ठसे ओळखणारं मशिन निघालंय, असं त्यांनी मुंबईत कुणाकडून ऐकलं. ते कारखान्यात बोलले आणि गीताबाई म्हणाली, "माझी लेक करती असली कामं." असं ते काम आमच्याकडं चालत आलं. आजवरचं सगळ्यात मोठं. आणि आबासाहेबांनी बजावलं होतं, की एका दिवसात सगळ्या बायांच्या ठशांची नोंद झाली पाहिजे. नाही झाली तर मशिन उचलायचं आणि परत न्यायचं.

मशिन म्हणजे काळा डबा, वर काच. आत लाल उजेड. सोबत एक फ्लॉपी आणि इंग्रजी पुस्तिका. यशोधरा तीन आठवडे त्या डब्याच्या मागं लागली होती. काचेवरचा ठसा माझ्या हजेरीच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचायचा कसा, हे तिनं एकटीनं शोधलं. दुकानातल्या प्रत्येक माणसाचा अंगठा घेऊन झाला, शेजारच्या सलूनवाल्याचा झाला, पोस्टमनचासुद्धा झाला. स्क्रीनवर मोठ्या मराठी अक्षरांत मी स्वतः ओळ टाकली होती: "अंगठा ठेवा."

नोंदीच्या दिवशी कारखान्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं. मान म्हणून पहिलं नाव गीताबाईचं. ती पुढं आली, स्क्रीनवरची ओळ एकेक अक्षर लावत वाचली आणि हात पाठीमागं घेतला.

"म्या अंगठा देनार न्हाई," ती म्हणाली.

यशोधराला वाटलं, आई मशिनला घाबरली. "काही होत नाही आई. करंट नाही त्यात."

"करंटचं कोन बोलतंय. म्या सही करती."

मग मला हळूहळू उलगडलं. पाचसहा वर्षांपूर्वी साक्षरतेचे वर्ग निघाले होते. यशोधरा तेव्हा कॉलेजात. सुट्टीत ती समाजमंदिरात बायांना शिकवायची आणि पहिली विद्यार्थिनी तिची आई. तोवर रेशन असो, मस्टर असो, शाळेचा दाखला असो, गीताबाई शाईत अंगठा बुडवायची. वर्गाच्या शेवटच्या दिवशी यशोधरानं सगळ्या बायांकडून वदवून घेतलं होतं, की आजपासून मेलो तरी अंगठा द्यायचा नाही. गीताबाईनं ते पाळलं होतं. कारखान्याच्या मस्टरवर रोज सकाळी ती "गीता उत्तम साळवे" अशी पूर्ण सही करायची, आणि मागच्या बायांना थांबावं लागलं तरी "उत्तम"वरची रेघ शेवटपर्यंत ओढायची.

"तूच शपथ घातलीस ना?" ती लेकीला म्हणाली. "आता तूच आंगठा मागतीस व्हय?"

"आई, हा तो अंगठा नाही."

"मंग कंचा हाय?"

यशोधरा माझ्याकडं बघायला लागली. सही येत असली तरी ठसा लागतोच, असं सांगायला मी पुढं सरलो आणि थांबलो, कारण गीताबाईच्या मागं अजून चाळीस बाया उभ्या होत्या आणि त्यांनीही हात पाठीमागं घेतले होते. सगळ्या त्याच वर्गातल्या. मी घाईघाईनं ओळ बदलून "बोट ठेवा" अशी केली. गीताबाईनं तीही वाचली. "अंगठ्याला बोट म्हटलं म्हंजी झालं का भाऊ?" मी ती ओळ पुसून टाकली. अंगठेबहाद्दर हा शब्द आपण किती सहज वापरतो. ज्याला तो आयुष्यभर ऐकावा लागलाय, त्याच्यापुढं शब्दांचा खेळ चालत नाही.

आबासाहेब चिडले नाहीत, पण म्हणाले, "आठ दिवस देतो. न्हाईतर मशिन घेऊन जा. तुमच्या घरातलं भांडान माझ्या कारखान्यात नको."

परतीच्या एसटीत मिरजगाव येईपर्यंत यशोधरा वहीत लिहीत आणि खोडत होती. मग म्हणाली, "सर, आईचं चुकलं नाही." मी म्हणालो, मला माहीत आहे, पण मशिनला सही वाचता येत नाही त्याचं काय. ती म्हणाली, "मशिनला नाव तर वाचता येतं."

पुढचे सहा दिवस ती दुकानातच जेवली. तिनं जे केलं ते आता सोपं वाटतं. आधी मशिन एका ठशाची पावणेदोनशे ठशांशी गाठ घालून बघायचं, त्यात अर्धा-अर्धा मिनिट जायचा. तिनं सगळं उलटं केलं. आधी बाईनं कीबोर्डवर स्वतःचं नाव लिहायचं. मशिननं फक्त त्या एका नावाचा ठसा काढायचा आणि जुळतो का बघायचं. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनी बिल्ल्यावरचा नंबर दाबायचा. काम झटपट. कीबोर्डच्या कळांवर तिनं कागदाचे तुकडे चिकटवून सुवाच्य मराठी अक्षरं काढली. मी म्हणालो, गिऱ्हाइकानं हे मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक कोण, ते ठरवलंय मी."

आठव्या दिवशी पुन्हा तीच शेड, तेच टेबल. यशोधरानं आईला खुर्ची दिली. "नाव तू लिहायचं. लिहिलं नाहीस तर मशिन बोटाला विचारणारच नाही."

गीताबाईनं विचार केला. "म्हंजी सही माझी, आन अंगठा साक्षीला?"

"हो. साक्षीला."

"मंग चालंल."

एका बोटानं तिनं नाव लिहायला घेतलं. ग सापडला. वेलांटी शोधायला वेळ लागला. "साळवे"तला ळ तर मलाही सापडला नसता. चार मिनिटं झाली असतील. आबासाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं नाही. मागच्या बाया माना उंचावून बघत होत्या. स्क्रीनवर पूर्ण नाव उभं राहिलं. गीताबाईनं ते पहिल्यापासून वाचून काढलं आणि मगच पदराला अंगठा पुसून काचेवर ठेवला.

"पुन्हा ठेवा," स्क्रीन म्हणाला.

तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. यशोधरानं काच पुसली, ओल्या फडक्यानं आईचा अंगठा पुसला. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. मशिन काही मानेना. मला वाटलं तार सुटली. मी माझा अंगठा ठेवला तर तो लगेच उमटला. म्हणजे मशिन ठीक होतं. सगळी मेहनत गेली, असं मी मनात म्हटलं.

यशोधरानं आईचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला. मीही वाकून बघितलं. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. सगळा गुळगुळीत.

आबासाहेब मागून म्हणाले, "चिमटीची बाई हाय ती. बी पोचट हाय का भरीव, ते चिमटीत चोळून बघावं लागतं. अठरा वर्सं तेच करती. तिच्या चिमटीतनं पोचट दाना सुटल्याला मी बघितला न्हाई."

यशोधरानं त्या अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "सर, माझं शिक्षण इथून झालं." आणि एवढी खमकी मुलगी, माझं ओरडणं हसून घेणारी, सगळ्या शेडसमोर रडायला लागली. मलाही भरून आलं. लपवायला मी उगाच वायर तपासायला खाली वाकलो.

बनुबाई म्हणून एक म्हातारी बाई होती, कधी वर्गाला न आलेली, अजून अंगठाच देणारी. तिनं आपण होऊन पुढं येऊन अंगठा ठेवून बघितला. तिचाही उमटला नाही. ती म्हणाली, "जनमभर ज्यो मागितला, त्योच आता नको झाला व्हय." कुणी हसलं नाही.

"मंग यांची हजेरी कशी लावायची?" आबासाहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो. तापट माणसाला एकदा तरी वेळेवर बोलता यावं, ती माझी वेळ होती. म्हणालो, "आबासाहेब, ज्यांचं बोट उमटत नाही, त्यांनी नाव लिहायचं आणि मस्टरवर सही करायची. प्रोग्रॅममध्ये तशी सोय आत्ता, इथं बसून करून देतो."

आबासाहेब गीताबाईच्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी कपाटातनं मस्टर काढायला लावलं. ते आदल्या दिवशीच बांधून ठेवलं होतं, सुतळी सोडावी लागली.

गीताबाईनं मस्टर पुढं ओढलं. पेन घेतलं. लेकीकडं बघून म्हणाली, "रडतीस कशापायी? मशिन झ्याक हाय तुझं. खोटा अंगठा चालवून न्हाई घेतला त्यानं." आणि तिनं सही केली, गीता उत्तम साळवे, शेवटच्या काना-मात्रेपर्यंत. मग मस्टर बनुबाईपुढं सरकवलं, तिचा हात पेनासकट आपल्या गुळगुळीत बोटांत धरला, आणि कागदावर पहिलं अक्षर काढायला घेतलं, ब.